पाण्यावरचे बिऱ्हाड आणि परिक्रमेची भाषा

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या उपक्रमाला भारतीय नौदलाने ‘सागर परिक्रमा’ असे नाव दिले. ज्याने हे नाव सुचवले त्याने मराठी वाचकावर उपकारच केले आहेत, पण आपण ते नाव नीट वाचलेले नाही. परिक्रमा हा शब्द मराठी माणूस नर्मदेच्या काठाने शिकला. गो. नी. दांडेकरांचे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’, भारती ठाकूर यांचे ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ ही पुस्तके आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या लहान ग्रंथालयांतही वाचून वाचून सैल झालेली दिसतात. ती वाचताना कोणी विचारत नाही, की हा माणूस किती दिवसांत पोहोचला, पहिला आला की दुसरा. आपण वाचतो ते संध्याकाळी त्याला कोणी ओसरी दिली, कोणी शिधा दिला, कोणी वाट दाखवली आणि कोणी लुटले. तोच शब्द समुद्रावर गेला, की मात्र आपले डोळे बदलतात. तिथे आपल्याला विक्रम हवा असतो, लाटांशी झुंज हवी असते, आणि मुख्य म्हणजे एकटेपणा हवा असतो.

या लेखात माझे म्हणणे एवढेच आहे, की नावेवर राहणाऱ्या माणसांची पुस्तके ही मुळात शेजाराची पुस्तके आहेत. त्यांना शौर्यकथा म्हणून वाचल्यामुळे त्यांतला अर्ध्याहून अधिक मजकूर आपल्या नजरेतून निसटतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बसून हे लिहिणे काहींना धाडसाचे वाटेल. पण लाटा दिसत नसल्या, की माणसे जरा जास्त दिसतात, हा या अंतराचा फायदा आहे.

नियमांपासूनच सुरुवात करू. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याने नदी उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही आणि जिथून निघालो तिथेच परत यायचे. शिडाच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे सर्वमान्य नियमही असेच आहेत. जिथून निघाले त्याच बंदरात परतायचे, सगळी रेखावृत्ते पार करायची, विषुववृत्त ओलांडायचे, किमान २१,६०० सागरी मैल तोडायचे आणि सुएझ किंवा पनामासारखा कालवा वापरायचा नाही. कालवा म्हणजे नदी ओलांडण्याचा पूलच. सोपी वाट समोर असताना ती न घेणे, हा दोन्हीकडचा मूळ विधी आहे. आणि ज्याने सोपी वाट सोडली, त्याला वाटेवरच्या लोकांची गरज जास्त लागते.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. भारतीयाने एकट्याने शिडावर केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचे नावही ‘द फर्स्ट इंडियन’ असेच आहे. म्हणजे पहिलेपणाचा मोह प्रकाशनालाही सुटला नाही. पण या प्रवासाचा हिशेब मांडून पाहा. प्रवास नऊ महिन्यांचा, तर तयारी २००६ पासून तीन वर्षांची. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी कल्पना मांडली आणि शेवटपर्यंत लावून धरली. हे आवटी फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत, समुद्राचा वारा जिथे पोहोचत नाही अशा माळावर. १७ मीटर लांबीची नौका बांधली गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याने. नाव दिले नदीचे, मांडवी वरच्या अंगाला ज्या नावाने ओळखली जाते त्या म्हादईचे. आणि एकट्या नाविकाची ही नौका वाटेत चार ठिकाणी थांबली : ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतले केप टाउन. या बंदरांत नौका म्हणजे वाहन राहत नाही, ते बिऱ्हाड होते. डागडुजी तिथेच, स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच, आणि आजूबाजूला अशीच इतर बिऱ्हाडे.

बिऱ्हाड हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नावेवर कायम राहणाऱ्यांसाठी मराठीत स्वतंत्र शब्द नाही. घर म्हटले, की आपल्याला पाया, उंबरठा, सातबारा आणि रेशनकार्डावरचा पत्ता आठवतो. बिऱ्हाडाला यातले काही लागत नाही. ते पाठीवर असते, ते बदलता येते, आणि बिऱ्हाडकरूला शेजारी लागतोच.

हा शेजार कसा घडतो, ते समुद्र न पाहिलेल्या वाचकासाठी थोडे सविस्तर सांगतो. शिडाची नौका कुठेही, केव्हाही जाऊ शकते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती वाऱ्याच्या आणि वादळांच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा हंगाम, म्हणून त्याआधी कितीतरी नौका बेटे सोडून न्यूझीलंडकडे सरकतात. केप हॉर्नला वळसा घालायचा तर दक्षिणेकडचा उन्हाळा गाठावा लागतो. परिणाम असा, की वेगवेगळ्या देशांतून निघालेली बिऱ्हाडे त्याच महिन्यांत त्याच आडोशाच्या खाडीत नांगर टाकतात. एकमेकांच्या अंगावर जाऊ नये इतके अंतर, हाक ऐकू जावी इतकी जवळीक. लहान होडी वल्हवत कोणी येते आणि नावेच्या अंगावर टकटक करते. सुटे भाग, दोर, नकाशे, पाण्याच्या टाकीची तोटी, पुढच्या बंदरातल्या अधिकाऱ्याचा स्वभाव, अशी देवघेव चालते. मग वारा फिरला, की निरोप. एका बंदरात तीन आठवडे शेजारी असलेली माणसे पुढल्या वर्षी हजारो मैल दूर पुन्हा शेजारी निघतात. वारीत दरवर्षी त्याच दिंडीत भेटणाऱ्या आणि एरवी एकमेकांच्या गावाचा रस्ताही न पाहिलेल्या माणसांची मैत्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

एरिक आणि सुझन हिस्कॉक या इंग्रज जोडप्याने १९५२ ते १९५५ या काळात ३० फुटी ‘वाँडरर थ्री’मधून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे तर घर सोडून ते नावेवरच राहू लागले. १९५२ मध्येच कॅलिफोर्नियात नावेवर राहणाऱ्या काही मोजक्या कुटुंबांनी ‘सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन’ काढली. तिचे एक तत्त्व मला फार बोलके वाटते. नावेच्या मागे पाण्यावर जो माग उमटतो तो स्वच्छ ठेवावा, म्हणजे कुठल्याही बंदरात असे वागावे, की मागून येणाऱ्या अनोळखी नाविकाचे तिथे स्वागत व्हावे. ज्याला आपण कधी पाहणार नाही, त्याच्याशी आधीच शेजारधर्म पाळायचा. नर्मदाकाठच्या सदावर्ताला हेच लागू होते. आधीच्या परिक्रमावासीने आश्रमाची भांडी घासून ठेवली, तरच पुढच्याला हसतमुखाने दार उघडते.

आता या साऱ्या साहित्याच्या मूळपुरुषाकडे वळू. जोशुआ स्लोकम २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून ‘स्प्रे’ नावाची सुमारे ३७ फुटी नाव घेऊन निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला पोहोचला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो ज्ञात इतिहासातला पहिला माणूस. ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे त्याचे पुस्तक १९०० साली आले. शीर्षकात ‘अलोन’ आहे म्हणून मी पहिल्या वाचनात एकांत शोधत होतो. पान उलटावे तर माणूस. सामोआत तो रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या विधवा पत्नीला भेटतो आणि ती त्याला नवऱ्याच्या संग्रहातली भूमध्य समुद्राची मार्गदर्शक पुस्तके देते. ट्रान्सवालमध्ये त्याची गाठ अध्यक्ष क्रुगरशी पडते. क्रुगर पृथ्वी सपाट मानणारा, त्यामुळे जगाभोवती फिरणारा माणूस त्याला पटतच नाही. रॉड्रिग्ज बेटावर तर धर्मगुरूने नुकतेच ख्रिस्तविरोधकाच्या आगमनाचे प्रवचन दिलेले, आणि तेवढ्यात हा एकटा माणूस पांढऱ्या शिडाखाली बंदरात शिरतो. लोकांची त्रेधा उडते. हे सगळे तो हसत हसत सांगतो. कोकोस-कीलिंग बेटांवरची मुले, बंदरोबंदरीचे वकील, नावेवर जेवायला आलेले पाहुणे यांना वगळले, तर पुस्तक निम्मे होईल.

याहून गमतीचा भाग अटलांटिकमधला. अझोर्स सोडल्यावर प्लम आणि चीज खाऊन स्लोकमच्या पोटात कळा येऊ लागतात. तो तापाने केबिनमध्ये पडतो. डोळे उघडून बघतो तर सुकाणूवर एक परका माणूस उभा. हा म्हणे कोलंबसच्या ‘पिंता’ या जहाजाचा वाटाड्या. रात्रभर तो नाव हाकतो आणि स्लोकमला सकाळी कळते, की नाव बरोबर मार्गावर आहे. समुद्रावर खरोखरीचा एकटेपणा सुरू होताच लेखकाने पहिले काम केले ते सोबती निर्माण करण्याचे. नर्मदेच्या आख्यायिकांत शूलपाणीच्या झाडीत अश्वत्थामा भेटतो. दोन्ही गोष्टींच्या खरेखोटेपणात मला रस नाही. वाट जिथे सर्वांत ओसाड, तिथेच कोणी भेटल्याची गोष्ट सांगितली जाते, हे कथनाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे.

पण स्लोकमच्या शेजारधर्माला एक कडा आहे, आणि तिथे थांबल्याशिवाय हे वाचन प्रामाणिक होणार नाही. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या पुंता अरेनास इथे साम्बलिच नावाचा एक ऑस्ट्रियन कप्तान त्याला गालिच्याला ठोकायच्या टाचण्यांची पिशवी देतो. रात्री झोपताना स्लोकम त्या टाचण्या टोके वर करून डेकवर पसरतो. तिथले अनवाणी मूळनिवासी अंधारात नावेवर चढतात, पाय पडताच किंचाळत पाण्यात उड्या टाकतात. जगभरच्या वाचकांनी या प्रसंगावर शंभर वर्षे हसून घेतले आहे. स्लोकम त्यांच्यावर गोळ्याही झाडतो. ज्याला प्रत्येक बंदरात मित्र भेटतो, त्याला या एका किनाऱ्यावर फक्त रानटी दिसतात. गव्हर्नर, वकील, पाद्री, लेखकाची विधवा ही माणसे शेजारी. आणि ज्यांच्या दारात तो नांगर टाकतो, ती माणसे धोका. त्या काळात त्याच प्रदेशात मेंढपाळांच्या कंपन्या मूळनिवासींना जमिनीवरून हुसकत होत्या, मारत होत्या. पुस्तकातल्या विनोदामागे हे उभे आहे.

आणि आपण? नर्मदेच्या परिक्रमाकथांतही शूलपाणीची झाडी येते. तिथे भिल्ल परिक्रमावासीला लुटतात, अंगावरच्या लंगोटीखेरीज काही ठेवत नाहीत. आपली पुस्तके त्यांच्यावर गोळी झाडत नाहीत, हा फरक मोठा आहे. लुटले जाणे ही मैयाने घेतलेली परीक्षा मानली जाते, वैराग्याचा धडा मानला जातो. पण या अर्थबोधात भिल्लाला काय मिळते? तो परीक्षेचे साधन होतो. त्याच्या घरात त्या वर्षी दाणा होता का, जंगल कोणाच्या ताब्यात गेले होते, हे क्वचितच कोणी विचारते. पुढे सरदार सरोवराच्या पाण्याखाली याच झाडीतली गावे गेली, तेव्हा परिक्रमेच्या पुस्तकांत मुख्य तक्रार वाट बुडाल्याची होती. टाचण्या आणि वैराग्य यांत मी वैराग्याच्या बाजूला उभा राहीन. परंतु दोन्हीकडे यजमानाचे बोलणे प्रवाशानेच लिहिलेले आहे. गोंड-हलबांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला ही गोष्ट जरा जास्त टोचते.

विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या एकट्यांच्या स्पर्धेकडे, म्हणजे १९६८-६९ च्या ‘गोल्डन ग्लोब’कडे, याच नजरेने पाहिले तर तिचे चित्र पालटते. न थांबता, कोणाची मदत न घेता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले, एकच पोहोचला : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९, ३१२ दिवस. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत, कुलाब्याच्या कारखान्यात, सागवानात बांधलेली होती. तिचे लाकूड तासणाऱ्या सुतारांची नावे विक्रमाच्या कुठल्या पाटीवर नाहीत. हाच नॉक्स-जॉन्स्टन पुढे दोंदे यांना मार्गदर्शक म्हणून लाभला. म्हणजे मुंबईच्या सुतारांनी दिलेले कर्ज चाळीस वर्षांनी, वेगळ्या चलनात, परत आले.

पण या स्पर्धेचे मर्म मला जिंकणाऱ्यापेक्षा हरलेल्यांत दिसते. निघण्यापूर्वीचे काही आठवडे बर्नार्ड म्वातेसिए, लोइक फुजरों, बिल किंग आणि नायजेल टेटली हे चार स्पर्धक प्लिमथच्या बंदरात आपापल्या नावांवर राहत होते. म्वातेसिएच्या ‘ला लाँग रूट’ या पुस्तकात, स्लोकमच्या नावावरून नाव ठेवलेल्या ‘जोशुआ’वर, या शेजाराची ऊब आहे. प्रतिस्पर्धी एकमेकांना सल्ले देतात, सामान कमी कसे करावे ते सांगतात. टेटलीची ‘व्हिक्ट्रेस’ ही तर स्पर्धेसाठी आणलेली नौकाच नव्हती. तो आणि त्याची पत्नी ईव्ह तिच्यावर राहत होते. तो आपले राहते घर घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला.

डोनल्ड क्रोहर्स्ट या धक्क्यावर नव्हता. तो टिन्मथहून, ऑक्टोबरच्या अगदी शेवटच्या दिवशी, अर्धवट तयारीनिशी निघाला. (त्याचा जन्म गाझियाबादचा, ही आपल्याकडच्या वाचकांना सहसा नसलेली माहिती.) नाव दक्षिण महासागरात टिकणार नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी प्रगती कळवू लागला. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून टेटली मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या भीतीने आपली आधीच खिळखिळी झालेली नाव दामटत राहिला. मे १९६९ मध्ये अझोर्सजवळ, मुक्काम जवळ आलेला असताना, ‘व्हिक्ट्रेस’ फुटली. एका माणसाने खोटे बोलून दुसऱ्याचे घर बुडवले, तेही दोघांची भेट समुद्रावर कधी न होता. जुलैमध्ये क्रोहर्स्टची नाव रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. तोही प्लिमथच्या त्या टोळक्यात नव्हता, हे खरे. त्यामुळे बंदरातली ओळख असली की माणूस सचोटीने वागतो, असा सरळ निष्कर्ष काढता येणार नाही. पण क्रोहर्स्टवरच्या पुस्तकांत एकटेपणाने वेडावलेला माणूस म्हणून त्याचे जे चित्र रंगवले जाते, त्यात टेटलीच्या बुडालेल्या घराला मिळणारी जागा फार थोडी आहे. एकटेपणाच्या कथेला शेजारी अडचणीचा वाटतो.

हेच पुढेही घडले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी, त्या स्पर्धेच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत, हिंदी महासागराच्या दक्षिणेस अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत होऊन ते जागचे हलेनासे झाले. ‘थुरिया’ म्हणजे ‘सुहैली’ची गोव्यात बांधलेली प्रतिकृती. आपल्याकडे बातमी गाजली ती नौदलाच्या विमानाची आणि जहाजाची, आणि ती गाजायलाच हवी होती. पण त्याच वादळात स्वतःची डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन तात्पुरते शीड उभारून अभिलाष यांच्या दिशेने निघाला होता, हे किती वाचकांना आठवते? फ्रान्सच्या मत्स्यगस्ती जहाजाने, ‘ओसिरिस’ने, २४ तारखेला अभिलाष यांना उचलले आणि नंतर मॅकगकिनलाही. २०२२ च्या स्पर्धेत फिनलंडच्या टापिओ लेहतिनेनची नाव बुडाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉइशेफर रात्रभर नाव हाकत त्याच्या तराफ्यापर्यंत गेली, त्याला वर घेतले, दोघांनी घोटभर रम घेतली आणि मग त्याला ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजावर चढवून ती पुन्हा एकटी झाली. तीच ती स्पर्धा जिंकली. अभिलाष दुसरे आले. नियमपुस्तिका म्हणते मदत घ्यायची नाही. मदत करायची नाही असे ती कुठेही म्हणत नाही.

आता मराठीकडे. आपल्या भाषेत पाण्यावर राहणाऱ्यांचे लेखन इतके तुरळक का? कोकणातल्या गलबतांवर, मचव्यांवर, फतेमाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत आली. नारळी पौर्णिमेला हंगाम उघडायचा, पावसाच्या तोंडाशी नाव किनाऱ्यावर ओढून झापांखाली शाकारायची. मधले आठ महिने तांडेल, खलाशी आणि चूल सांभाळणारा भंडारी यांचे जग म्हणजे ते लाकडी अंगण. बंदरात दुसरे गलबत शेजारी लागले, की विस्तवापासून बातम्यांपर्यंत सगळे इकडून तिकडे जायचे. पण लिहिणारा किनाऱ्यावर होता आणि राहणारा नावेवर. कोकणच्या कथाकादंबऱ्यांत गलबत बहुधा दिसते ते क्षितिजावर, कोणाची तरी वाट पाहणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून.

अनंत सामंतांची ‘एम. टी. आयवा मारू’ ही कादंबरी या नियमाला सणसणीत अपवाद. ती तेलवाहू जहाजाच्या पोटात शिरते. समुद्रावर महिनोन्‌महिने राहणे म्हणजे काय, हे मराठीला तिने प्रथम इतक्या जवळून दाखवले. तरी तिचे जग बिऱ्हाडाचे नाही. जहाजावर माणसे एकमेकांना निवडत नाहीत. हुद्दा, पगार आणि करार त्यांना एकत्र कोंडतात. त्या कादंबरीतली घुसमट याच कोंडण्यातून येते. जहाज आणि नाव यांत आपली समीक्षा फरकच करत नाही, दोन्हींना ‘सागरी साहित्य’ या एकाच फडताळात टाकते. जहाजावर अधिकारी असतो. नावेवर शेजारी असतो.

तिसरे उदाहरण पु. ल. देशपांड्यांच्या ‘एका कोळियाने’चे. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला मराठीत आणताना पुलंनी शीर्षकात शाळकरी कवितेतल्या कोळ्याची आठवण जागी केली आणि चिकाटीची कथा म्हणून वाचकाला तयार ठेवले. आपणही ती तशीच वाचली, म्हातारा विरुद्ध मासा. पण त्या पुस्तकात म्हातारा भर समुद्रात पुन्हा पुन्हा ज्याची आठवण काढतो तो मुलगा, मॅनोलिन, किनाऱ्यावर कॉफी घेऊन थांबलेला आहे. तो मुलगा नसता तर म्हाताऱ्याच्या परतण्याला अर्थ उरला नसता. मराठीत या पुस्तकावर लिहिताना मुलाला एखाद्या वाक्यात उरकण्याची रीत पडली आहे.

समुद्र सोडून आमच्या तळ्यांकडे आलो, तर मारुती चितमपल्ली भेटतात. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिलेला हा लेखक मूळचा सोलापूरचा. जून २०२५ मध्ये तिथेच गेला. कोहळ्यांनी बांधलेले ते विस्तीर्ण तळे त्यांच्या लेखनात पक्ष्यांइतकेच माणसांनी भरलेले आहे. माधवराव पाटलांसारखा सोबती नसता तर चितमपल्लींना ते जंगल आणि ते पाणी इतके बोलले नसते, हे त्यांच्या पानापानांतून कळते. निसर्गलेखक म्हटला की आपण एकांतप्रिय ऋषी उभा करतो. चितमपल्लींचेही तेच केले गेले. मला ते ज्ञान मागत दारोदार जाणारे परिक्रमावासी जास्त वाटतात.

पण नवेगावच्या पाण्यावरचा ढिवर नावेवर राहत नाही, तो डोंगा घेऊन जातो आणि जाळे काढून घरी येतो. इथे माझ्या मांडणीवर एक सरळ आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. नावेवर राहण्याची निवड करणारी ही हिस्कॉक-म्वातेसिए मंडळी. त्यांच्या पाण्यावरच्या जगण्याला साहस म्हणतात, पुस्तके होतात. दोंदे, अभिलाष, २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून परिक्रमा करणाऱ्या सहा महिला अधिकारी, २०२४-२५ मध्ये दोघींनीच ती पूर्ण करणाऱ्या दिलना आणि रूपा, यांच्या पाठीशी नौदल होते. ढिवराच्या जगण्याला मात्र व्यवसाय म्हणतात आणि त्याची कागदोपत्री नोंद होते ती तळ्याच्या लिजापुरती. बंगालमधले बेदे, सिंधच्या मंचर सरोवरावरचे मोहाणे, काश्मिरातले हांजी ही खरोखर नावेवर बिऱ्हाड करणारी माणसे; त्यांच्यावर अहवाल निघतात. नावेवरच्या मैत्रीचे साहित्य म्हणून आपण जे वाचतो, ते बहुतांशी परत जायला घर असलेल्यांचे साहित्य आहे. म्हणूनच टेटलीचे प्रकरण मला इतके महत्त्वाचे वाटते. त्याच्याकडे दुसरे घर नव्हते.

हा आक्षेप मान्य करूनही परिक्रमेची भाषा मला सोडवत नाही, कारण त्या भाषेत यजमानाला निदान जागा तरी आहे. विक्रमाच्या भाषेत ती मुळातच नाही. ‘तारिणी’वरच्या सहाजणींना घडवणारे दोंदेच होते, हे सांगायला विक्रमाच्या यादीत रकाना नसतो. परिक्रमेत मात्र आधी चालून आलेला माणूस पुढच्याला वाट सांगतो, ही मूळ रचनाच आहे.

शीर्षकांचा मुद्दा राहिला. गोनीदांनी आपल्या पुस्तकाला ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ म्हटले, ‘एकट्याची’ म्हटले नाही. इथला ‘एक’ एकटा नाही. तो अनेकांतला कोणी एक आहे, आपले नाव खाली ठेवून ज्याने वाटेवरच्या माणसांना पुढे केले असा. इंग्रजीतल्या ‘अलोन’साठी आपल्याकडे एकटा, एकाकी, एकांतात असे शब्द आहेत आणि त्यांतला एकही स्लोकमला बसत नाही. ‘पिंता’चा वाटाड्या, स्टीव्हन्सनची पत्नी, टाचण्यांची पिशवी, पाण्यात उड्या टाकणारी ती अनवाणी माणसे, सगळी एका पुस्तकात. माझ्या टिपणवहीत त्या पुस्तकाच्या नोंदींवर मी पूर्वी मूळ इंग्रजी नावच देवनागरीत लिहीत असे. अलीकडे तिथे ‘कुणा एकाची सागरपरिक्रमा’ असे लिहितो.